दोन मोटर्सचा वाय ॲक्सिस: घरगुती सीएनसी राउटर जोडणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं एक ठरावीक मशीन डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. टेबल स्थिर आहे. गँट्री (दोन पायांवरची आडवी तुळई) पुढे-मागे सरकते, तो वाय. गँट्रीवर स्पिंडल (कापणारं टूल फिरवणारी मोटर) डावीकडून उजवीकडे जातो, तो एक्स. गँट्रीच्या दोन्ही पायांना एकेक १६०५ बॉलस्क्रू आहे (व्यास १६ मिमी, एका फेऱ्यात ५ मिमी). प्रत्येक स्क्रूला स्वतःची नेमा २३ स्टेपर मोटर (ठरावीक कोनाच्या टप्प्यांनी फिरणारी) आणि स्वतःचा ड्रायव्हर (मोटरला करंट देणारा सर्किट). दोन स्क्रूंमधलं अंतर ८०० मिमी, होमचे स्विच (ज्यांना टेकून मशीन आपली सुरुवातीची जागा शोधतं ते) पुढच्या बाजूला. डावं-उजवं म्हणजे मशीनसमोर उभं राहिल्यावरचं.

दोन मोटर्स कशाला? एक मोटर आणि बेल्ट लावून भागणार नाही का?

भागतं, आणि बऱ्याच लहान मशीनवर तेच शहाणपणाचं आहे. दातेरी बेल्टने दोन्ही स्क्रू एकमेकांना बांधले की गँट्री तिरकी व्हायला वावच राहत नाही. काटकोन एकदा पुली सैल करून बसवायचा आणि विसरून जायचं. अडचण रुंदी वाढली की सुरू होते. लांब बेल्ट ताणतो, त्याला मध्ये आयडलर लागतात, आणि टेबलाखाली तो लाकडाचा भुसा गोळा करत बसतो.

चारशे-पाचशे मिमीपर्यंतच्या रुंदीला मधोमध एकच स्क्रू पुरतो असं माझं मत आहे. त्यापुढे स्पिंडल एका टोकाला कापत असताना गँट्री मधल्या स्क्रूभोवती पिळते आणि ते कापावर दिसतं. दोन मोटर्स घ्यायच्या त्या तिथे.

दोन्ही मोटर्स एकाच ड्रायव्हरला जोडू का?

नको. समांतर जोडल्या तर करंट वाटला जातो. डीएम५४२ चा कमाल करंट ४.२ अँपिअर, म्हणजे प्रत्येक मोटरला जेमतेम २.१. शिवाय दोन बाजू वेगवेगळ्या हलवायची सोय कायमची गेली. एका ड्रायव्हरचे पैसे वाचतात, पण तेवढ्यासाठी हे करण्यात अर्थ नाही.

दोन ड्रायव्हर आहेत, पण कंट्रोलरवर स्टेपची पिन एकच मोकळी आहे.

दोन्ही ड्रायव्हरना तोच स्टेप (किती फिरायचं) आणि तोच डायरेक्शन (कुठल्या दिशेने) सिग्नल देता येतो. आर्डुइनोवर बसणाऱ्या सीएनसी शील्ड बोर्डावरचा चौथा सॉकेट जंपर लावून वायची नक्कल करतो, तो हाच प्रकार. मशीन व्यवस्थित चालतं, फक्त स्वतःहून काटकोनात येत नाही. ते काम हाताने करावं लागतं: पुढच्या बाजूला दोन्ही पायांसमोर घट्ट ठोकळे बसवायचे, मोटर्सची वीज बंद असताना गँट्री दोन्ही ठोकळ्यांना टेकवायची आणि तशीच धरून वीज चालू करायची. ठोकळ्यांत पुढेमागे करता येणारा बोल्ट ठेवला तर काटकोनाची बारीक दुरुस्तीही तिथेच होते.

जोडताना एक पथ्य पाळा. ऑप्टोकपलर (प्रकाशाने सिग्नल पुढे देणारा भाग) असलेले ड्रायव्हर प्रत्येकी साधारण १० मिलिअँपिअर खेचतात. आर्डुइनो उनोची ५ व्होल्टची पिन दोन ड्रायव्हर ओढू शकते. ईएसपी३२ ची ३.३ व्होल्टची पिन मात्र या कामाची नाही. मध्ये ७४एचसीटी२४५ सारखा बफर घाला. नाहीतर एक ड्रायव्हर पल्स मोजेल, दुसरा मधूनच एखादी सोडून देईल, आणि तुम्ही आठवडाभर कपलर (मोटर आणि स्क्रू जोडणारा सांधा) घट्ट करत बसाल.

मग दोन्ही बाजू वेगळ्या होम करणारं फर्मवेअर कोणतं?

जीआरबीएल (उनोवर चालणारं सीएनसीचं फर्मवेअर) १.१एच मध्ये ही सोय आहे, पण चालू मशीनवरच्या सेटिंगमध्ये नाही. कॉन्फिग फाइलमधली 'एनेबल ड्युअल ॲक्सिस' ही ओळ उघडून कोड पुन्हा कंपाइल करून उनोवर चढवावा लागतो. दुसऱ्या मोटरचे स्टेप आणि डायरेक्शन डी१२ आणि डी१३ वर येतात. दुसऱ्या बाजूचा लिमिट स्विच मूळ मांडणीत झेडच्याच लिमिट पिनवर जोडायचा असतो. हे वाचून लोक दचकतात. पण झेडचं होमिंग आधी उरकतं, वायचं नंतर, म्हणून एका पिनवर दोघांचं निभतं. क्लोन शील्डच्या मांडणीत स्पिंडलचा वेग पीडब्ल्यूएमने बदलायची सोय बंद करावी लागते, हे आधीच माहीत असू द्या.

नव्याने कंट्रोलर घेत असाल तर उनोमध्ये अडकू नका. फ्लुइडएनसी ईएसपी३२ वर चालतं आणि सगळी मांडणी एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते: वाय ॲक्सिसखाली मोटर० आणि मोटर१, प्रत्येकीची पिन, प्रत्येकीचा स्विच, प्रत्येकीचं मागे सरकायचं अंतर. जीआरबीएल-हाल वेगवेगळ्या ३२ बिट बोर्डांवर चालतं आणि काटकोनाची दुरुस्ती थेट $ ने सुरू होणाऱ्या सेटिंगमध्ये देतं. लिनक्ससीएनसीमध्ये २.८ आवृत्तीपासून जॉइंट आणि ॲक्सिस वेगळे मानले जातात. वायला दोन जॉइंट द्यायचे आणि दोघांच्या होम सिक्वेन्सला एकच ऋण संख्या द्यायची, की होमिंगची शेवटची हालचाल दोघं बरोबर करतात. मार्लिन थ्रीडी प्रिंटरकडून आलेलं असलं तरी त्यातही वायला दोन ड्रायव्हर आणि दोन एंडस्टॉप देता येतात.

एक मोटर उलटी फिरते. कुठे दुरुस्त करू?

आधी ती उलटी फिरायला हवी का ते बघा. दोन्ही बॉलस्क्रूंच्या मोटर्स एकाच टोकाला असतील तर दोघींनी एकाच दिशेने फिरायला हवं. रॅक-पिनियन किंवा बेल्टच्या मशीनवर मोटर्स समोरासमोर तोंड करून बसतात, तिथे एक उलटीच फिरली पाहिजे.

दिशा बदलायला वीज पूर्ण बंद करून त्या मोटरच्या एकाच कॉइलच्या दोन तारांची अदलाबदल करा. ड्रायव्हर चालू असताना मोटरची तार काढली तर ड्रायव्हर जळू शकतो. तारांना हात लावायचा नसेल तर जीआरबीएल-हालमध्ये $८ ने दुसऱ्या मोटरची दिशा उलटते, फ्लुइडएनसीमध्ये त्या मोटरच्या डायरेक्शन पिनला लो लावून.

पहिल्यांदा वीज देताना काय काळजी घ्यावी?

दोन्ही कपलर सैल करा. मोटर फिरेल, स्क्रू फिरणार नाही. दोन्ही मोटर्सच्या दांड्यांवर मार्करने रेघ मारा आणि वायला ५० मिमी जायला सांगा. दोन्ही दांड्या बरोबर १० फेरे फिरून रेघा पुन्हा होत्या तिथे आल्या पाहिजेत. मग उलट ५० मिमी.

ही पाच मिनिटांची चाचणी गँट्री वाचवते. ड्रायव्हरवरच्या बारीक स्विचपैकी एखादा चुकून वेगळा राहिला तर एक मोटर दुप्पट फिरते. कपलर घट्ट असताना हे घडलं तर गँट्री क्षणात पिळली जाते आणि रेलवर सरकणाऱ्या गाड्यांचे (बेअरिंग ब्लॉकचे) बॉल दबतात. दोन्ही ड्रायव्हर एका फेऱ्याला १६०० पल्सवर ठेवा. २०० स्टेप गुणिले ८, भागिले ५ मिमी, म्हणजे मिलिमीटरला ३२० स्टेप. साध्या जीआरबीएलमध्ये हा आकडा $१०१ मध्ये जातो आणि दोन्ही मोटर्सना तोच लागू होतो.

त्याच बैठकीत $१ तपासा. मूळ किंमत २५ असते, म्हणजे हालचाल थांबल्यावर २५ मिलिसेकंदांनी मोटर्स सैल सुटतात. दोन मोटर्सच्या ॲक्सिसला ते चालत नाही. $१=२५५ केलं की त्या कायम धरून राहतात.

होमिंगनंतर मशीन आपोआप काटकोनात येतं ना?

नाही. सर्वाधिक गैरसमज इथेच आहे. होमिंग गँट्रीला दर वेळी त्याच जागी आणून ठेवतं. ती जागा काटकोनाची आहे की नाही हे स्विचला कळत नाही. स्विच २ मिमी पुढेमागे बसले असतील तर गँट्री दर वेळी इमानेइतबारे २ मिमी तिरकी उभी राहील.

आणि त्याच्याही आधीची गोष्ट: मोटर्स नसताना गँट्री स्वतःहून कशी उभी राहते? रेल, गाड्या आणि गँट्रीचे बोल्ट मिळून तिची एक मोकळी जागा ठरवतात. ती जागा काटकोनापासून लांब असेल तर मोटर्स तिला ढकलून काटकोनात धरतील खऱ्या, पण मग सगळा ताण गाड्यांवर आणि बॉलनटवर (स्क्रूवर चालणारा, गँट्रीला जोडलेला नट) कायम राहील. म्हणून आधी पाने (स्पॅनर), मग सेटिंग.

मोटर्स न लावता गँट्री काटकोनात कशी बसवायची?

डावी रेल आधार धरा आणि पूर्ण घट्ट करा. उजव्या रेलचे बोल्ट हातघट्ट ठेवा. बॉलनट सोडवलेले असू द्या. गँट्री हाताने पुढे आणा, उजव्या रेलचे पुढचे बोल्ट घट्ट करा. मागे न्या, मागचे करा. मग मधले. आता गँट्री एका बोटाने टोकापासून टोकापर्यंत सारखीच सरकली पाहिजे. मध्ये कुठे जड लागत असेल तर तिथे रेल समांतर नाही. पुढे जाऊ नका, तेच दुरुस्त करा.

नंतर गँट्रीचा उजवा पाय आणि आडवी तुळई यांचे बोल्ट किंचित सैल करा आणि तुळई वायच्या रेलशी काटकोनात आणा. सुताराचा गुण्या इतक्या रुंदीला लहान पडतो, त्यापेक्षा ६००-८००-१००० चा त्रिकोण बरा. तुळईवर ६०० वर खूण, रेलवर ८०० वर खूण, कर्ण १००० आला की काटकोन. बोल्ट कोपऱ्याकोपऱ्याने थोडे थोडे घट्ट करत न्या, एकाच बोल्टला शेवटपर्यंत पिळलं की तुळई सरकते.

बॉलनट सगळ्यात शेवटी. गँट्री मोटरच्या बाजूच्या बेअरिंगपाशी आणून नटच्या ब्रॅकेटचे बोल्ट तिथे घट्ट करायचे. टोकाशी स्क्रूला हलायला जागा नसते, त्यामुळे नट चुकीच्या जागी बसला असेल तर तिथेच कळतं.

ताण राहिलाय का हे पाहायची एक सोपी युक्ती आहे. मशीन होम करा, वीज बंद करा, एका बाजूचा कपलर सैल करा आणि स्क्रूकडे लक्ष ठेवा. तो स्वतःहून थोडा फिरला तर गँट्री ओढलेली होती. ५ मिमीच्या स्क्रूवर ३६ अंश म्हणजे ०.५ मिमी.

लिमिट स्विच कोणते घ्यावेत, आणि कुठे लावावेत?

दोन हवेत, दोघांना वेगळी तार, कंट्रोलरवर वेगळी पिन. दोन्ही एका पिनवर सिरीजमध्ये जोडले तर कोणती बाजू पोचली हे कंट्रोलरला कळणार कसं?

पट्टी असलेले साधे मायक्रोस्विच चालतात, पण पट्टी वाकते. इंडक्टिव्ह सेन्सर भुशात जास्त टिकतात. बाजारात सहज मिळणारा एलजे१२ए३-४-झेड/बीएक्स हा एनपीएन, नॉर्मली ओपन जातीचा, ६ ते ३६ व्होल्टवर चालणारा आहे. त्याची तार थेट ५ किंवा ३.३ व्होल्टच्या पिनला न लावता ऑप्टोकपलरमधून घ्या. मायक्रोस्विच असेल तर नॉर्मली क्लोज्ड जोडा. तार तुटली तर मशीन लगेच ओरडेल, धडकल्यावर नव्हे.

स्विच फ्रेमवर आणि त्याला टेकणारा एम६ बोल्ट गँट्रीच्या पायावर, अशी मांडणी करा. एम६ चा पेच १ मिमीचा असतो. बोल्टचा एक फेरा म्हणजे बरोबर १ मिमी. पुढे याचा उपयोग आहे. बोल्टवर चेकनट घालायला विसरू नका.

स्विच भरवशाचा आहे का हे बघायला गँट्रीच्या पायाला डायल गेज टेकवा, पाच-सात वेळा होम करा, दोन्ही बाजूंना. ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर स्विच किंवा त्याचं ब्रॅकेट बदला. हे न करता कर्ण मोजायला घेतलात तर दर वेळी वेगळं उत्तर येईल.

अलार्म १० येतो. म्हणजे काय?

जीआरबीएलला एका बाजूचा स्विच सापडला, दुसऱ्याचा ठरलेल्या अंतरात सापडला नाही. हे अंतर दुसऱ्या ॲक्सिसच्या, म्हणजे इथे एक्सच्या, कमाल लांबीच्या ५ टक्के असतं, पण २.५ मिमीपेक्षा कमी नाही आणि २५ मिमीपेक्षा जास्त नाही. एक्स ६०० मिमीचा असेल तर ५ टक्के होतात ३०, म्हणून मर्यादा २५ वर थांबते. लहान मशीनवर $१३० मध्ये चुकून अगदी छोटा आकडा राहिला की हा अलार्म विनाकारण येतो.

बहुतेक वेळा कारण साधं असतं: दुसऱ्या स्विचची तार निघालेली, किंवा दोन स्विचच्या तारांची अदलाबदल झालेली. अदलाबदल झाली की डावा स्विच दाबल्यावर उजवी मोटर थांबते, डावी पुढे जातच राहते आणि गँट्री उलट जास्त तिरकी होते. होमिंग सुरू करून गँट्री लांब असतानाच बोटाने डावा स्विच दाबा. थांबली पाहिजे ती डावी मोटर. दुसरा हात इमर्जन्सी स्टॉपवर असू द्या.

खरा काटकोन कसा मोजायचा?

कर्ण मोजून. होम करा, टेबलावर एसीपी (ॲल्युमिनियम कंपोझिट पॅनेल) शीट घट्ट बसवा (पाट्या बनवणाऱ्यांकडे तुकडे मिळतात; एमडीएफ पावसाळ्यात दमट होतो, मोजमापाला नको) आणि व्ही-बिटने चार कोपऱ्यांत चार बारीक ठिपके टोचा: एक्समध्ये ६००, वायमध्ये ८०० अंतरावर. प्रत्येक ठिपक्याकडे एकाच दिशेने या, म्हणजे स्क्रूमधली ढिलाई हिशेबात येणार नाही. मग दोन्ही कर्ण मोजा.

या चाचणीची गंमत अशी की स्टेप प्रति मिमी थोडे चुकलेले असले तरी निकाल बिघडत नाही. आयत लांबट होईल, कर्ण तरी सारखेच राहतील. कर्णांत फरक पडतो तो फक्त तिरकेपणामुळे.

स्टीलच्या टेपने अर्धा मिमी इकडेतिकडे होतोच. ॲल्युमिनियमच्या पट्टीला दोन टोकदार खिळे बसवा, एक सरकता. एका कर्णावर खिळे बसवून घट्ट करा, पट्टी उचलून दुसऱ्या कर्णावर ठेवा, आणि उरलेला फरक व्हर्नियरने मोजा. तुम्हाला लांबी नको आहे, फरक हवा आहे.

आता हिशेब. कर्णांतला फरक गुणिले कर्णाची लांबी गुणिले दोन स्क्रूंमधलं अंतर, भागिले आयताच्या दोन बाजूंच्या गुणाकाराच्या दुप्पट. समजा फरक १.२ मिमी आला:

१.२ × १००० × ८०० ÷ (२ × ६०० × ८००) = १.० मिमी

म्हणजे एक बाजू दुसरीच्या मानाने १ मिमी सरकवायची. कोणती? पुढचा-डावा ते मागचा-उजवा हा कर्ण लांब असेल तर उजवी बाजू मागे गेलेली आहे, ती पुढे आणायची. दुसरा कर्ण लांब असेल तर डावी.

हा १ मिमी कुठे भरायचा?

साध्या जीआरबीएलमध्ये यासाठी सेटिंग नाही. मघाचा एम६ बोल्ट इथे कामाला येतो: उजवी बाजू पुढे आणायची तर उजव्या पायावरचा बोल्ट एक फेरा आत घ्या, गँट्री १ मिमी जास्त पुढे येऊन स्विचला टेकेल.

फ्लुइडएनसीमध्ये प्रत्येक मोटरला स्वतःचं पुलऑफ (स्विचपासून मागे सरकायचं अंतर) असतं. दोन्हीकडे ३ मिमी असेल तर उजव्या मोटरचं २ करा. स्विच सुटेल इतकं ते उरतंय ना हे बघा. नसेल तर उजवीचं तसंच ठेवून डाव्याचं ४ करा. जीआरबीएल-हालमध्ये वायसाठी $१७१, मार्लिनमध्ये एम६६६, लिनक्ससीएनसीमध्ये त्या जॉइंटचा होम ऑफसेट. धन की ऋण यावर डोकं लावू नका. भरा, होम करा, नवे ठिपके टोचा. फरक १.२ चा २.४ झाला तर चिन्ह उलटवा.

१ मिमीच्या आसपासची दुरुस्ती ऑफसेटने करायला हरकत नाही. २-३ मिमी लागत असतील तर परत पाने काढा. कडक गँट्रीला तेवढं पिळून धरणं मला मान्य नाही.

पुढच्या भागात काटकोन बरोबर येतो, मागे गेल्यावर बिघडतो.

दोन स्क्रूंचे पेच तंतोतंत सारखे नसतात. सी७ दर्जाच्या रोल केलेल्या स्क्रूला ३०० मिमीमागे ०.०५ मिमी चूक चालते. ९०० मिमीवर दोन्ही स्क्रू विरुद्ध दिशेने चुकले तर ०.३ मिमीपर्यंत फरक पडू शकतो. लिनक्ससीएनसीमध्ये दोन जॉइंटना वेगळे स्केल देता येतात. बाकीच्यांमध्ये टेबलाच्या मधोमध काटकोन बसवा आणि चूक दोन्ही टोकांना वाटून टाका. लाकूडकामात ती दिसत नाही. फरक यापेक्षा बराच मोठा असेल तर स्क्रूला दोष देण्याआधी सैल कपलर शोधा.

वीज गेली आणि आली. तिथूनच पुढे चालू करू का?

नाही, पुन्हा होम करा. वीज गेल्यावर मोटर्स सुटतात, आणि आल्यावर प्रत्येक मोटर जवळच्या चुंबकीय जागी झटकन बसते. ही जागा दर ४ पूर्ण स्टेपना, म्हणजे ७.२ अंशांना येते. ५ मिमीच्या स्क्रूवर ते ०.१ मिमी, म्हणजे फारसं नाही. पण २० दात्यांच्या जीटी२ पुलीवर एक फेरा ४० मिमीचा असतो, तिथे तेच ०.८ मिमी होतात. बेल्टच्या मशीनवर एक बाजू एका घरात आणि दुसरी शेजारच्या घरात बसली की काटकोन गेलाच.

कापताना एक बाजू अडकली तर?

साध्या स्टेपरमध्ये कंट्रोलरला पत्ता लागत नाही. एक मोटर थांबते, दुसरी चालत राहते. $१२१ मधलं ॲक्सिलरेशन माफक ठेवा. क्लोज्ड-लूप ड्रायव्हर असतील तर दोघांच्या अलार्मचे संपर्क सिरीजमध्ये घेऊन इमर्जन्सी स्टॉपच्या साखळीत जोडा, म्हणजे एक थांबला की दुसराही थांबेल. ते न करता महागडे ड्रायव्हर लावलेली मशीन्स दिसतात. तिथे एक ड्रायव्हर लाल दिवा दाखवत शांत बसतो आणि दुसरा गँट्री पिळत राहतो.

स्पिंडल चालू केला की मध्येच लिमिटचा अलार्म येतो.

व्हीएफडीचा (स्पिंडलचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचा) विद्युत गोंगाट आहे. स्पिंडलची केबल शील्ड असलेली घ्या, स्विचच्या तारा तिच्यापासून लांब न्या, समांतर तर नकोतच. स्विचच्या तारांचं शील्ड कंट्रोलरच्या टोकालाच अर्थ करा. तरीही येत असेल तर पिनपाशी रेझिस्टर-कपॅसिटरचा छोटा फिल्टर घाला. $२६ वाढवून हा आजार जात नाही, तो आकडा फक्त होमिंगच्या वेळी लागू होतो.

कर्णांची चाचणी पुन्हा कधी करायची?

मशीन हलवल्यावर, धडक झाल्यावर, स्विच किंवा कपलर बदलल्यावर. चार ठिपक्यांचा जी-कोड आणि खिळ्यांची पट्टी मशीनजवळच ठेवा.